चुटकीला उशीर का होतो

१ मार्च, रविवार

ही वही हिने दिली. म्हणाली, "घरात चिडचिड करण्यापेक्षा कागदावर करा. कागद उलटून बोलत नाही." घराखालीच तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, तिथली मापं टिपायची ही कोरी वही. पानाच्या वर छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेत. मी ते ओलांडून लिहितोय.

तर चिडचिड. काल संध्याकाळी बँकेसमोरच्या उतारावरून दोन हमाल आरशाचं कपाट घेऊन चालले होते. आरसा बाहेरच्या बाजूला. समोरून एक वयस्कर बाई येत होती, दोन्ही हातांत पिशव्या. मला लगेच कळलं, ही थांबणार, आरशात बघणार आणि केस सारखे करणार. आधी कळणं हाच माझा धंदा. इतकी वर्षं वर्तमानपत्रासाठी रस्त्यावरचे फोटो काढतोय ते या कळण्याच्या जोरावर. आणि झालंही तसंच. बाई थांबली. पिशव्या खाली ठेवल्या. हमालसुद्धा तिच्यासाठी जरा थांबले. आरशात बघून ती अशी हसली की जणू जुनी मैत्रीण भेटली.

फोटोत काय आलं? हमालांच्या पाठी, आणि पिशव्या उचलायला वाकलेली बाई.

कचेरीत मला चुटकी म्हणतात. हा चुटकीसरशी फोटो काढतो, समोरच्याला कळतही नाही, म्हणून. रविवारच्या 'येताजाता' सदराला लोक पान उलटून आधी बघतात, असं संपादकबाई स्वतः म्हणाल्यात. गेले काही आठवडे चुटकी उशिरा वाजतेय. एकदा नाही, दोनदा नाही. पार डोक्यात जायला लागलंय.

४ मार्च

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. त्याने कॅमेरा कानाशी धरून शटर दहा वेळा वाजवलं, यंत्राला लावलं, आणि परत माझ्या हातात ठेवला.

"याला काही झालेलं नाही."

"बटण दाबल्यावर वेळ लागतोय."

"नाही लागत. हा बघा." त्याने दाबलं. खट्.

"तुमच्या हातात बरा चालतो."

"मग माझ्याकडेच ठेवून जा," तो म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. तिथल्या तिथे त्याच्याकडचा दुसरा कॅमेरा आठवड्यासाठी मागून घेतला.

५ मार्च

दुसऱ्या कॅमेऱ्यातही तेच. दोन्ही एकाच वेळी बिघडले म्हणायचे की काय.

९ मार्च

आज बस थांब्यावर तमाशा झाला. एक तरुण आई, कडेवर मूल. मुलाने तिच्या नाकातली चमकी पकडली होती आणि ती तोंड वाकडं करून हळूच सोडवत होती. छान चाललं होतं. मी आपला नेहमीसारखा बाजूला उभा. माझी पद्धत साधी आहे. लपायचं नाही. उघड उभं राहायचं, कुणाची नजर पडलीच तर जरासं हसायचं. लोक समजतात, हा असाच कुणीतरी, आणि विसरून जातात. विसरले की काम सुरू.

तिने बघितलं. मी हसलो. तिने मुलाचं तोंड पदराआड घेतलं आणि म्हणाली, "काय झालं? असे का बघताय रागाने?"

"रागाने नाही हो. हसलो मी."

"हे हसणं?"

रांगेतला एक जाड माणूस पुढे आला, फोटो पुसा म्हणाला. काढलाच नाही तर पुसू काय? कॅमेरा उघडून दाखवावा लागला. रिकामा निघाला याचीच जास्त लाज वाटली.

लोकच बदललेत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची भीती. पूर्वी मी गर्दीत विरघळून जायचो. आता पावलापावलाला माना वळतात.

१० मार्च

बूट बदलले. जुने जड झाले होते, उजवा पाय घासत होता. यांनीही तसंच होतंय. हल्ली सगळा मालच फालतू.

१३ मार्च, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय. पण मग वही कशाला.

शुक्रवारी दुपारपर्यंत रविवारचा फोटो द्यायचा असतो. आठवडाभरात एक धड निघाला नाही. एकात कुत्र्याची फक्त शेपटी, एकात हात झटकून झालेला पोलीस, एकात उडून गेलेल्या टोपीच्या मागे नुसता रस्ता. कपाट उघडलं. जुन्या फोटोंचा एक खोका आहे, त्यावेळी जागा नव्हती म्हणून राहिलेले. त्यातून एक काढला. दोन बहिणी, एकाच छत्रीसाठी भांडताहेत, आणि छत्री मधल्या मध्ये उलटी झालीय. बरोबर तो क्षण. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. माझाच फोटो आहे, कुणाचा चोरलेला नाही. त्याच्यावर तारीख लिहायची सदराची पद्धत नाही. वाचकाला काय फरक पडतो?

फोटोखालची ओळ लिहून दिली तर डेस्कवरची मुलगी म्हणाली, "काका, मुंग्या सोडल्यात का कागदावर? भिंग आणू?" सगळे हसले. हल्ली सगळ्यांना विनोद सुचतात.

१५ मार्च, रविवार

तीन फोन आले. "चुटकी परत फॉर्मात." ज्याने हे म्हटलं त्याच्याशी पुढे बोलवेना.

दुपारी दूध करपलं. मी गॅसच्या शेजारी बसून पेपर बघत होतो, आणि ही खालून, दुकानातून, धावत आली. "जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्हाला इथे बसून येत नाही?"

"सर्दी असेल."

"सर्दी कुठाय?"

मी म्हटलं, एवढ्या तेवढ्यावरून उलटतपासणी नको. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "उभे राहा." मला वाटलं भांडायला. पण तिने दारामागचा माझा कोट आणला, अंगावर चढवला, आणि गिऱ्हाइकाला बघते तशी दूर जाऊन बघू लागली.

"उजवी बाही लांब वाटते. पंजा अर्धा झाकला जातोय. उसवून आत घेतली तरी खांदा उतरलेला दिसणारच."

"कोट जुना आहे."

"कोट मी शिवलाय. मापात आहे." ती आणखी काही बोलणार होती, पण तोंड मिटून भांडं घासायला गेली. तिला माझ्या कामापेक्षा माझ्या बाहीची काळजी जास्त.

१७ मार्च, मंगळवार

सगळं बाहेर आलं.

छत्रीच्या फोटोत मागे चपलांचं एक दुकान आहे. ते दुकान दोन वर्षांपूर्वी जळालं. मला आठवलं नाही, कारण माझं लक्ष बहिणींवर. दुकानदार सकाळी कचेरीत आला. तक्रार घेऊन नाही. हातात कापलेलं पान होतं. संपादकबाईंना म्हणाला, "माझ्याकडे दुकानाचा एकही फोटो उरला नव्हता. पाटीसकट आलंय. मोठा करून मिळेल का?"

तो गेल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"कधीचा आहे?"

"जुना."

"ते कळलं. का?"

मी म्हटलं, या आठवड्यात मनासारखं मिळालं नाही.

"मग तसं सांगायचं. त्या जागी मी कोडं छापलं असतं. येताजाता म्हणजे आठवड्यातलं. लोक त्या भरवशावर बघतात." त्या थोडा वेळ पेनाशी खेळत राहिल्या. "एक विचारू? राग मानू नका. तुम्ही पिता का हल्ली?"

"नाही."

"चालताना लोकांनी पाहिलंय. बोलणंही बारीक, पुटपुटल्यासारखं. चेहरा तर असा की मी तुमची घरची माणसं मारलीत."

मी जोरात नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "हेच. मला ऐकूच आलं नाही."

सदर थांबवलंय. नवा, याच आठवड्यातला, दाखवण्याजोगा फोटो घेऊन या, मग बघू, असं ठरलं. बाहेर आलो तेव्हा सगळे आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसले होते.

दुकानदाराला फोटो मोठा करून पाठवला. तेवढं एक काम धड झालं.

१९ मार्च

हिला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तिने फक्त विचारलं, "पिता का, असं त्यांना कशावरून वाटलं? नेमकं काय म्हणाल्या?" तीन तीन वेळा विचारलं. चालणं, आवाज, चेहरा. मी म्हटलं, अपमान माझा झालाय आणि तू साक्षीदार तपासत बसलीस. मग कितीतरी वेळ ती फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होती. तिची बहीण इस्पितळात नर्स आहे. दोघी बोलायला लागल्या की संपत नाही.

२३ मार्च

सकाळपासून रस्त्यावर. पोस्टासमोर, मंडईच्या दारात, पुलाच्या पायऱ्यांवर. काही नाही. म्हणजे खूप काही, पण माझ्याकडे काही नाही.

रोज मी वळून बघितलं की ही दुकानाच्या खिडकीत उभी. टाके घालायचे सोडून मला जाताना बघते. पाळतच म्हणायची.

२७ मार्च, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवतो. असं पुन्हा घडणार नाही.

चौकात वाहतूक पोलीस बाई आहे, उंच, कडक. दोन्ही हातांनी गाड्या अडवून तिने पादचाऱ्यांना सोडलं. त्या घोळक्यात एक म्हातारी, पाठीवर बोचकं. पोलीस बाईचा एक हात वरच, पण तोंडातली शिट्टी सुटली. ती गळ्यात लोंबायला लागली. मी तीस पावलांवर होतो. मला तिथूनच कळलं. म्हातारी तिची आई आहे. न सांगता आलीय. आता हिचा वरचा हात खाली येणार आणि सगळ्या गाड्या बघत राहणार.

कॅमेरा डोळ्याला होता. फोकस होता. मी तोंडाने म्हटलंसुद्धा, "आता."

हात खाली आला. गणवेशातल्या त्या बाईने भर चौकात आईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. गाड्या उभ्या, एकही भोंगा नाही. मग तिने कपाळ उचललं, शिट्टी तोंडात घातली, हात वर केला. आणि मग माझं बटण वाजलं.

फोटोत पोलीस बाई आहे. हात वर. शिट्टी तोंडात. वाहतूक सुरळीत चालू असल्याचा फोटो.

मी पदपथाच्या कडेला बसलो. हात चोळत. शब्दशः. तोंडाने वेळेवर म्हटलं आणि बोटाला ऐकायला आलं नाही, असं कसं? भित्रा झालोय का? एवढं चुकल्यावर बोट बिचकत असेल. की आळस? की वय झालं आणि नजर गेली? डोळे नव्हेत, ते ठीक आहेत. ती दुसरी नजर. ती गेली असेल तर मी कोण? कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारा एक चिडका माणूस.

उठताना तोल गेला. एका पोरसवदा जोडप्याने हात दिला आणि "काका, बरं नाही का?" विचारलं. बरं आहे म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार

मंगळवारी हिचं दुकान बंद असतं. सकाळी म्हणाली, "कपडे करा. डॉक्टरकडे जायचंय." मी म्हटलं कॅमेरा ठीक आहे असं त्याने सांगितलंय. म्हणाली, "कॅमेऱ्याच्या नाही, तुमच्या." बहिणीने वेळ घेऊन ठेवलेली. मेंदूचे डॉक्टर. मी चिडलो, मला वेडा ठरवताय का म्हटलं. ती दारात चपला घालून उभी राहिली. बस्स. तशी उभी राहिली की जावंच लागतं.

डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. आधी बोटं हलवायला लावली. अंगठा आणि शेजारचं बोट, उघड-मीट, जमेल तितकं भराभर. डाव्याने झालं. उजव्याने चार-पाच वेळा झालं आणि मग बोट लहान लहान उघडत चिखलात रुतल्यासारखं थांबलं. मी बघत बसलो. माझंच बोट. मग माझं मनगट धरून फिरवून पाहिलं. एक वाक्य लिहायला लावलं. बाहेर व्हरांड्यात चालवलं. हिने मध्येच सांगितलं, "डावा हात हलतो, डॉक्टर. उजवा लोंबतो. दुकानाच्या खिडकीतून रोज बघते मी. आधी वाटलं, बाहीच चुकली माझी."

वास येतो का? झोपेत हातपाय मारतात का? लोक रागावलात का असं विचारतात का? प्रत्येक प्रश्नाला ही माझ्याआधी मान हलवत होती.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. मी म्हटलं, "पण माझा हात थरथरत नाही. थरथरला असता तर फोटो हलले असते. माझे फोटो हलत नाहीत, उशिरा येतात."

"सगळ्यांचा थरथरतोच असं नाही. काहींचं सगळं नुसतं मंदावतं. हात, पाऊल, आवाज, अक्षर, चेहरासुद्धा. आत हसू असतं, ते वर यायला वेळ लागतो." मग विचारलं, "उशिरा म्हणजे?"

मी चौकातलं सांगितलं. आता म्हटलं, आणि बोट नंतर गेलं.

"म्हणजे तुम्हाला दिसलं वेळेवर."

"हो."

"कळलंही वेळेवर."

"हो."

"मग तुमच्या बघण्याला काही झालेलं नाही. हुकूम सुटतो तेव्हाच. बोटाकडून तो पाळला जातो सावकाश, इतकंच. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडेल. पूर्ण जाणार नाही, हेही सांगतो."

त्यानंतर ते बरंच काही म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मला हसू फुटलं होतं. नजर गेलेली नाही. मी आळशी नाही, भित्रा नाही. बोट गाढव आहे, मी नाही. मी खुर्चीत बसून हसत होतो, पोट हलेपर्यंत. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, घाईने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "धीर धरा. पहिल्यांदा धक्का बसतोच."

ही म्हणाली, "नाही हो डॉक्टर. ते हसताहेत."

१ एप्रिल

काल हसलो ते काल. आज डोकं जागेवर आल्यावर बाकीचं समोर आलं. पूर्ण जाणार नाही, म्हणजे वाढणार. किती, कधी, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कॅमेरा किती दिवस उचलता येईल? गुंड्या कोण लावणार?

हिला म्हटलं, तुला केव्हापासून वाटत होतं? "त्या कोटाच्या बाहीपासून," असं काहीतरी बोलून तिने उडवून लावलं. ती अगदी शांत आहे. मला बरं वाटलं, एकाने तरी शांत राहायला हवं. काल डॉक्टरकडून आल्यावर मात्र सुट्टी असूनही खाली दुकान उघडून बसली. वर मला मशीन ऐकू येत होतं. थांबतच नव्हतं. इतकी लांब शिवण कुठल्या कपड्याला असते कोण जाणे. कुणाचे पडदे असतील.

३ एप्रिल

संपादकबाईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या, परत बसल्या. "पिता का असं विचारलं मी," म्हणाल्या. मी म्हटलं, प्यायलो असतो तर बरं झालं असतं, सोडता आलं असतं.

मग त्यांनी बैठं काम देऊ केलं. इतरांचे फोटो निवडायचे. पगार तोच. चांगलंच बोलत होत्या, तरी माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, ठरलं होतं ते ठरलं होतं. नवा फोटो आणतो.

"आणा. पण कीव करून छापणार नाही."

"छापलात तर मीच भांडायला येईन."

"मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. मी मोठ्याने म्हटलं. बाहेर डेस्कवरच्यांनी वर बघितलं.

७ एप्रिल

गोळ्यांनी सकाळचं अंग जरा सैल वाटतं. दुपारनंतर पुन्हा तेच.

बोट मागे राहणार, हे धरून चालायचं. म्हणजे 'आता' असं वाटायच्या आधीच दाबायचं. बोलायला सोपं. 'आता'च्या आधी काय वाटतं? मी कधी बघितलंच नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. आज कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसता पुलाच्या पायऱ्यांवर बसलो. माणसं काही करण्याआधी काय करतात ते बघत. हाक मारणारा आधी श्वास घेतो. वळणाऱ्याचं डोकं नंतर वळतं, टाच आधी. रडणारं मूल आधी अगदी गप्प होतं. भांडायला निघालेली बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते.

इतकी वर्षं हे सगळं मी बघत असणार. मला त्याचा पत्ता नव्हता. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही चिडण्याआधी उजवी भुवई चोळता." हे मला माहीत असायला हवं होतं का?

१० एप्रिल, शुक्रवार

काल आणि परवा मिळून शेकड्याने फोटो काढले. सगळे उशिराचे. 'आधी' ओळखलं तरी हात जुन्या सवयीने 'आता'ची वाट बघतो. रागाने कॅमेरा पलंगावर फेकला. पलंगावरच फेकला, हेही जरा लाजिरवाणंच. हिने उचलून खुंटीला अडकवला.

१२ एप्रिल, रविवार

पेपरात माझ्या जागी कोडं होतं. सोडवलं नाही.

सकाळी मंडईच्या मागच्या गल्लीत गेलो. एक रंगारी लांब शिडी खांद्यावर आडवी घेऊन येत होता. कोपऱ्यावरून डोक्यावर अंड्यांचे ट्रे घेतलेली बाई. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. कुणीतरी रंगाऱ्याला मागून हाक मारली. मी त्याच्या डोक्याकडे बघितलंच नाही. टाचेकडे बघितलं. टाच फिरायला लागली आणि मी दाबून मोकळा झालो.

मग तो वळला. शिडीचं शेपूट गरकन फिरलं. बाई पाहता पाहता गुडघ्यांत वाकली, ट्रे जराही हलले नाहीत, शिडी त्यांच्यावरून निघून गेली. ती उठली, रंगाऱ्याला चार शब्द सुनावले आणि चालती झाली. गल्लीतली माणसं हसत होती.

मी भिंतीला टेकून फोटो बघितला. रंगारी सरळ उभा आहे. शिडी सरळ. बाईने अजून वाकायला सुरुवात केलेली नाही, एक पाय उचललेला, नजर समोर. काहीच घडलेलं नाही.

दोन-तीनदा डोळे चोळून बघितला. मग तसाच घरी आलो, जिना चढायच्या आधी दुकानातच शिरलो. ही कुणाच्या तरी पँटची लांबी सोडत होती. कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला.

"हे काय?" ती म्हणाली. "फुकट गेला की हाही."

"गेला," मी म्हटलं. "पण नीट बघ. आज उशीर नाही झाला. घाई झाली."